भोईर बाईंचा अंदाज

सकाळची हजेरी झाली की भोईर बाई पदर खोचून शाळेच्या मागच्या शेडकडे निघायच्या. तिथे बचत गटातल्या दोघी बायका तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. बाई सगळ्या वर्गांवरून एक चक्कर मारून आलेल्या असत. त्या शेडच्या दारात उभ्या राहून सांगायच्या, "आज जरा कमीच घ्या. गावात साखरपुडा आहे, तिसरीची निम्मी पोरं तिकडेच जेवणार." किंवा म्हणायच्या, "आज सोमवार ना? वाढवा थोडे."

सोमवारी का वाढवायचे, हे मी नवीन असताना त्यांना विचारलेलं. त्या म्हणाल्या, "काल रविवार होता. शाळा बंद होती." एवढं बोलून त्या वळल्या. त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला शेडपासून माझ्या वर्गापर्यंतचं अंतर चालावं लागलं.

आमची शाळा शीळफाट्याच्या अलीकडे, आगरी लोकांच्या एका जुन्या गावात. गावाला तिन्ही बाजूंनी टॉवर वेढा घालत आलेले आणि चौथ्या बाजूला हायवे. शाळेत मुलं दोन तऱ्हेची. एक गावातली, घरी सगळं काही असलेली. दुसरी टॉवरच्या बांधकामावर आलेल्या मजुरांची, पत्र्याच्या खोल्यांत राहणारी. पहिल्या मुलांना खिचडी नको असायची आणि दुसऱ्या मुलांना ती पुरायची नाही. त्या दोघांच्या मधे भोईर बाई डाव घेऊन उभ्या.

बाई त्याच गावच्या सून. बुटक्या, अंगाने भरलेल्या, कडक इस्त्रीच्या सुती साड्या नेसणाऱ्या. आवाज असा, की त्या चौथीला पाढे सांगत असल्या तर माझ्या दुसरीची मुलं इकडे म्हणायला लागायची. शाळेत त्या पुस्तकातलं मराठी बोलायच्या आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की गावचं. त्यांच्या पर्समध्ये कायम एक रिकामा स्टीलचा डबा असायचा. कुणाच्या घरी पूजेला गेल्या, आणि प्रसादाचं ताट त्यांना जड झालं, की त्या तो डबा काढून निवांत भरायच्या. यजमानीण बघतेय, शेजारचे बघतायत, याचं त्यांना काही नाही.

आम्हालाच संकोच व्हायचा. एकदा एका सरांच्या निरोपाला आम्ही सगळे ठाण्यात हॉटेलमध्ये जेवायला गेलेलो. वेटर वही घेऊन उभा, जो तो आपापलं सांगतोय, आणि बाई म्हणाल्या, "आधी निम्मं आणा. लागलं तर मागवू. तुमचं हॉटेल काही पळून जात नाही." वेटर हसला. आमच्या मुख्याध्यापकांनी मेन्यूकार्ड तोंडासमोर धरलं. तरीही शेवटी नान आणि भाजी उरलीच. ती बाईंनी बांधून घेतली. मी म्हटलं, "बाहेर त्या सिग्नलवरच्या मुलांना देऊ या का?"

"का?" बाई म्हणाल्या. "आपण जास्त मागवलं, तर ते आपण संपवायचं. आपली चूक त्यांच्या पोटात कशाला?"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी तो चामड्यासारखा झालेला नान तव्यावर गरम करून आणलेला होता. त्या तो चहात बुडवून खात होत्या आणि आम्हालाही आग्रह करत होत्या. आम्ही कुणी घेतला नाही.

त्या आधीपासूनच अशा होत्या की नंतर झाल्या, मला सांगता येणार नाही. पण एक दिवस माझ्या डोळ्यांसमोर घडला आणि त्यानंतर त्यांचं हे खाणं-वाढणं शाळेपुरतं राहिलं नाही.

आमच्या त्या पट्ट्यात हळदीचा थाट मोठा. लग्नापेक्षा हळदीला माणूस जास्त. अख्खं गाव, सोयरे, मित्रमंडळी, राजकारणातली माणसं, सगळी जेवायला. मटण, कोंबडी, वडे, तांदळाच्या भाकऱ्या. घर ज्याचं असेल त्याला आपल्या दारात कुणी उपाशी राहिलं ही गोष्ट जन्मभर ऐकावी लागते, म्हणून जेवण नेहमी येणाऱ्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त. उरलेलं सकाळी मंडपाच्या मागे ओतलं जायचं. त्या वर्षी शाळेच्या कुंपणाला लागूनच एक मोठी हळद झाली. सकाळी आम्ही आलो तेव्हा मागच्या बाजूला भाताचा ढीग होता, त्यावर रस्सा ओघळून सुकलेला. कुत्रीसुद्धा खाऊन खाऊन बाजूला आडवी पडलेली. मुलं नाकाला रुमाल लावून वर्गात येत होती.

मधल्या सुट्टीत बाई वाढत होत्या. रांगेत रेश्मा नावाची तिसरीतली मुलगी होती, मजुरांपैकी. तिने ताटली पुढे केली नाही. तिच्या हातात तांदळाची भाकरी होती, दुमडलेली, आणि तीच ती खात होती. बाईंना गावातलं प्रत्येक घर माहीत. रेश्माच्या घरी तांदळाची भाकरी होत नाही हेही माहीत.

"ही कुठली गं?" त्यांनी विचारलं.

"उधर से," रेश्मा म्हणाली. "मंडप के पीछे बहुत पडी हैं. ऊपर की अच्छी हैं, बाई. मम्मी के लिए भी ली." आणि तिने दप्तर उघडून दाखवलं. वह्यांच्या मधे भाकऱ्या नीट रचलेल्या होत्या.

 बाईंनी डाव माझ्या हातात दिला आणि त्या शेडमागे गेल्या. मी वाढून झाल्यावर तिकडे गेले तर त्या नळाखाली तोंड धूत होत्या. म्हणाल्या, "दप्तर कसं सरळ उघडून दाखवलं बघ तिने. तिला नाही वाटली लाज. आणि तिला का वाटावी? तो ढीग माझ्या चुलत दिराच्या घरचा आहे. काल मीही तिथे जेवले. मी पण ताटात टाकलं असेल काहीतरी." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "मला या गावात सून म्हणून पंचवीसएक वर्षं होत आली. इतकी लाज कधी वाटली नव्हती."

त्यानंतर बाई गावात ज्या घरी कार्य ठरेल तिथे जाऊन बसायला लागल्या. शाळा सुटली की पर्स खांद्याला लावून थेट त्या घरी. भांडायच्या नाहीत. चहा घ्यायच्या, कोण कोण येणार याच्या गप्पा काढायच्या आणि हळूच विषयावर यायच्या. किती पानं होतील, मुलं किती, म्हातारी किती, कुणाकडचे लोक तिखट खात नाहीत, कुणाचा त्या दिवशी उपास. पहिल्यांदा लोकांनी ऐकून घेतलं ते त्या शाळेतल्या बाई म्हणून. त्यांचे थोरले दीर बाळारामभाऊ गावातलं वजनदार माणूस. ते तोंडावर म्हणाले, "मथुरा, गाव जेवाला येतं. त्याला मोजून घालाचं काय? आपल्या दारान कोन उपाशी गेला नाय आजवर."

"भाऊजी, उपाशी नाय जाणार कोन," बाई म्हणाल्या. "पन फेकाचा कशाला? आपले बापजाद्यांनी भात पिकवला या जमिनीन. त्यांनी कवा फेकला काय?"

बाळारामभाऊंना ते पटलं नव्हतं. तरी एका घराने बाईंचं ऐकलं. तिथे जेवण पुरलं आणि थोडंच उरलं. जे उरलं ते बाईंनी गरम असतानाच पत्र्याच्या खोल्यांत पोचवलं, झाकण लावलेल्या डब्यांत, पाहुण्यांना नेऊन द्यावं तसं. मग दुसऱ्या घराने ऐकलं. बायकांना पटायला लागलं, कारण दुसऱ्या दिवशी पातेली घासणं आणि तो वास सहन करणं त्यांच्याच वाट्याला यायचं. हळूहळू गावात कुणाकडे कार्य निघालं की आधी भटजींना आणि मग भोईर बाईंना बोलावणं जायला लागलं. लोक त्यांना मागे 'मापवाल्या बाई' म्हणायचे. बाईंना ते माहीत होतं. त्यांना ते आवडायचं असं मला वाटतं.

मग त्यांच्या मुलीचं, प्राचीचं लग्न ठरलं.

प्राची त्यांची एकुलती एक. डोंबिवलीला एका लॅबमध्ये नोकरी करायची. आईसारखी बुटकी, पण आवाज हळू. मुलगा कल्याणजवळच्या गावातला, चांगल्या घरचा. घरात त्याच्या चुलत्यांचा, तात्यांचा शब्द चालायचा. लग्न बाईंच्या गावी, शाळेच्या पटांगणाशेजारी मंडपात. दुपारचं जेवण मुलीकडचं.

बाळारामभाऊ म्हणाले, "मथुरा, आता तरी माझा आयक. पोरीचा लगीन हाय. दुप्पट सांग. उरला तर उरला."

बाई म्हणाल्या, "गावाला सांगत फिरले, आन् माझ्या घरी दुप्पट करू?"

बाईंचे यजमान एमआयडीसीतल्या कंपनीत होते, अबोल माणूस. ते म्हणाले, "तिचा अंदाज कधी चुकला नाही." तो विषय तिथे संपला. बाईंनी प्रत्येक घरी फोन केला, मुलाकडे दोनदा केला. मुलाकडून दोन बस आणि काही गाड्या येणार होत्या. बाईंनी त्यांची पानं धरली, गावाची धरली, वर थोडी सूटही धरली. मी त्यांच्याबरोबर आचाऱ्याकडे गेलेले. पुरी, बटाट्याची भाजी, वाल, जिलेबी, वरण-भात, मठ्ठा. त्यांनी सांगितलं तेवढं सगळ्यांना व्यवस्थित पुरलं असतं. हे मी आजही सांगते.

त्यांनी एकच गोष्ट धरली नव्हती. ती म्हणजे त्यांची स्वतःची मुलं.

शाळेतून शिकून गेलेली मुलं कुठे कुठे पसरलेली. कुणी दिव्याला, कुणी मुंब्र्याला, कुणी डोंबिवलीला चाळीत. कुणीतरी कुणालातरी मोबाइलवर कळवलं की भोईर बाईंच्या प्राचीचं लग्न आहे. मुहूर्ताच्या सुमाराला ती यायला लागली. पार्सल पोचवणाऱ्या कंपन्यांचे टी-शर्ट घातलेली पोरं बाइक कडेला लावून, कडेवर बाळ घेतलेल्या मुली, एक तर ट्रॅफिक वॉर्डनच्या जाकिटात. आमंत्रण कुणालाच नव्हतं. ती बाईंच्या पाया पडायला आलेली, हातात फूल नाहीतर एखादं घड्याळ, आणि पाया पडून निघायच्या तयारीत. बाई प्रत्येकाचं नाव घेऊन हाक मारत होत्या. एवढं हसताना मी त्यांना शाळेत कधी पाहिलं नव्हतं. "जेवल्याशिवाय जायचं नाही," त्या म्हणत होत्या. "घरचं कार्य आहे. बसा." आणि स्वतः पंगतीत नेऊन बसवत होत्या.

इकडे नवरा मुलगा आणि आईवडील गाडीने वेळेत पोचले, लग्न लागलं. पण दोन्ही बस शीळफाट्याला अडकलेल्या. पुढे ट्रेलर आडवा झालेला, काही हलत नव्हतं. तात्या त्यांतल्याच एका बसमध्ये होते.

मी वाढपाच्या बाजूला होते. आचारी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, बाईंना सांगा. पुरीचं पीठ संपलं. जिलेबी तळाला आली. बसवाले यायचेत अजून." मी बाईंना बोलावून आणलं. त्यांनी पातेल्यात पाहिलं. मंडपात एक पंगत बसत होती, सगळी त्यांचीच मुलं. काही जणी लेकरांना मांडीवर घेऊन बसलेल्या, पानं मांडून झालेली. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता.

"भात टाका अजून," त्या आचाऱ्याला म्हणाल्या. "वरण वाढवा. आणि या पंगतीला वाढा."

"बाई, ते व्याह्यांकडचे..." मी म्हटलं.

"बसलेल्या माणसाला उठवू का मी?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक ऐकला.

बस आल्या तेव्हा ऊन कलायला लागलेलं. माणसं घामाने भिजलेली, पोरं रडकुंडीला आलेली. ती पंगतीत बसली आणि त्यांच्या पानात गरम भात आला, पातळ वरण आलं, लोणचं आलं. मग काहीच आलं नाही. लोक वाट बघत बसले. बाजूच्या टेबलावर आधीच्या पंगतीच्या पुऱ्यांचे तुकडे दिसत होते.

बाई हात जोडून पंगतीच्या सुरुवातीला उभ्या राहिल्या आणि एकेका पानापुढे जाऊन सांगायला लागल्या, "माझी चूक झाली. माफ करा. माझी चूक झाली." बायका खाली बघत होत्या. तात्यांपुढे त्या आल्या तेव्हा तात्यांनी भातात बोट फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, शाळेत खिचडी वाढता, तशीच वाढलीत काय?"

कुणीतरी हसलं. ते हसू पंगतीत पुढे सरकत गेलं. स्टेजवर प्राची उभी होती, मुंडावळ्या बांधलेली. तिने ते ऐकलं. तिला ते ऐकू आलं हे मी पाहिलं आणि बाईंनीही पाहिलं. बाळारामभाऊंनी हायवेवरच्या हॉटेलातून बिर्याणीची पातेली टेम्पोत घालून आणली, पण तोपर्यंत मुलाकडच्या वयस्क बायका बसमध्ये जाऊन बसलेल्या होत्या. त्या न जेवताच गेल्या. मुलीच्या दारातून मुलाकडच्या बायका उपाशी गेल्या, ही बातमी त्या संध्याकाळी सगळ्या गावांत पोचली.

बाई सुट्टी संपल्यावर शाळेत आल्या तेव्हा आम्ही सगळे नेहमीपेक्षा जास्त गोड बोलत होतो आणि त्यामुळे त्यांना जास्तच कळत होतं. हजेरी झाल्यावर त्या शेडकडे गेल्या. तांदूळ निवडणारीने विचारलं, "बाई, आज किती?" बाई म्हणाल्या, "घ्या तुमच्या मनाने." त्या दिवसापासून त्यांनी तेच उत्तर दिलं. खिचडी उरायला लागली. कुठल्यातरी दिवशी कमीही पडायची. बाई वाढायच्या, पण मुलांच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत.

गावात त्यांना कुणी बोलावेनासं झालं आणि त्याही कुठे गेल्या नाहीत. ज्या बायका त्यांच्या बाजूने बोलायच्या त्यांना आता घरात ऐकावं लागायचं, "बघितला ना त्या बाईचा काय झाला?" पुढच्या लग्नसराईत मंडपांच्या मागचे ढीग पूर्वीपेक्षा मोठे झाले. शाळेत येताना बाई त्या बाजूने यायच्या नाहीत, हायवेकडून वळसा घालून यायच्या.

प्राची आईला सासरचं काही सांगायची नाही. पण बाईंना कळत होतं. तिथे तिला कुणी त्रास देत नव्हतं. फक्त ताट वाढलं की कुणीतरी म्हणायचं, "पोटभर जेव हां. आमच्याकडे कमी पडत नाही." सणाला म्हणायचं, पाहुण्यांसमोर म्हणायचं. तात्या तर कौतुकाने म्हणायचे, घरातला विनोदच झालेला तो. एकदा बाई मला म्हणाल्या, "तात्या खिचडी म्हणाले ते मला उद्देशून. त्याची किंमत प्राची भरतेय."

वर्षभराने प्राचीला मुलगी झाली. बारसं आईकडे. मला बोलावणं आलं तेव्हा मी मांडव पाहून थांबले. लग्नाला घातला त्याच्यापेक्षा मोठा होता. आचारी वेगळे, ठाण्याहून आणलेले. एका बाजूला चाटचा स्टॉल, एका बाजूला पंजाबी, एका बाजूला आपलं जेवण, खीर, श्रीखंड, गुलाबजाम. बाई नवीन रेशमी साडीत दारात उभ्या. मी विचारलं, "किती माणसं यायचीत?" त्या म्हणाल्या, "माहीत नाही. मोजली नाहीत."

कल्याणहून सगळे आले, वेळेत आले, पोट फुटेस्तोवर जेवले. तात्यांनी ताट तीनदा भरून घेतलं आणि निम्मं टाकलं. निघताना बाईंच्या यजमानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज मन मोठं केलंत व्याही. असं पाहिजे." बाई हात जोडून हसल्या. बाळारामभाऊही खूश होते.

माणसं गेली आणि मांडवात पातेली राहिली. आचाऱ्यांनी एकेक झाकण उघडून दाखवलं. पुलाव अर्ध्याच्या वर, पनीर, वरण, भात, खिरीचं पिंप. प्राची बाळाला आपल्या वडिलांकडे देऊन बाहेर आली. म्हणाली, "आई, एक ग्रुप आहे. फोन केला की येऊन घेऊन जातात, दिव्याला वाटतात. बोलावू?"

बाई पातेल्यांजवळ गेल्या. त्यांनी भात बोटावर घेतला, चोळला, नाकाशी धरला. पुलावाचाही घेतला. दिवस उन्हाळ्याचे होते आणि सगळं सकाळपासून पत्र्याखाली उभं होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "चिकट झालाय. हे माणसांना द्यायचं नाही."

"थोडं तर चांगलं असेल," प्राची म्हणाली.

"असेल. कुठलं ते ओळखून खाणार का ती पोरं?" बाई म्हणाल्या. "दिव्याला राहतात म्हणून त्यांनी आपलं आंबलेलं खायचं?"

आचाऱ्यांची माणसं पातेली घेऊन घराच्या मागे गेली. बाई त्यांच्याबरोबर गेल्या. मला जावंसं वाटत नव्हतं, पण त्या एकट्या जात होत्या म्हणून मी गेले. मागच्या मोकळ्या जागेत एकेक पातेलं उपडं झालं. आवाज मऊ होता, ओल्या मातीचा होतो तसा. माणसं पातेली घेऊन गेली. बाईंनी कडेला पडलेला झारा उचलला आणि एका पातेल्याला चिकटलेला भात खरवडून त्या ढिगावर टाकला. रेशमी साडीच्या निऱ्या त्यात बुडत होत्या.

"सावंत," त्या मला म्हणाल्या, "आज लाज राखली मी. बघ कशी दिसते ती."

 प्राची मागच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, मला नको होतं गं हे."

"मला माहीत होतं तुला नको होतं," बाई म्हणाल्या. "तरी केलं." आणि त्या तिथेच दगडावर बसल्या.

त्या वर्षाअखेर बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला त्यांनी जेवण ठेवू दिलं नाही, नुसता चहा. भाषण केलं नाही. माझी बदली पुढे कल्याणला झाली आणि गाठीभेटी कमी झाल्या. फोनवर त्या नातीबद्दल बोलायच्या. स्वयंपाक, कार्य, जेवण यांवर काही निघालं की विषय बदलायच्या.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते प्राचीच्या दिराच्या लग्नात. कल्याणला जवळच होतं म्हणून प्राचीने मलाही आग्रहाने बोलावलेलं. मी पोचले तेव्हा बाई जेवायला बसलेल्या होत्या, लांबलचक टेबलाच्या शेवटी. मला पाहून त्यांनी हात केला. त्या वाळलेल्या दिसल्या. मी त्यांच्यासमोरच्या बाजूला, दोन खुर्च्या सोडून बसले.

तात्या पंगतीतून फिरत होते. यजमान तेच. ते वाढप्यांना घेऊन बाईंजवळ आले आणि म्हणाले, "अरे, प्राचीच्या आईला नीट वाढा. आमच्याकडे मोजून नाय वाढत." वाढप्याने भाताचा डोंगर केला. दुसऱ्याने पुऱ्या ठेवल्या, तिसऱ्याने जिलेबीची चवड. तात्या "अजून, अजून" म्हणत राहिले. मला वाटलं बाई आता पुरे म्हणतील. त्यांनी मान खाली घातली आणि ताट भरू दिलं.

मग त्या जेवायला लागल्या. सावकाश, एकेक घास. बाकीची पंगत संपली, माणसं उठली. ताटं पिंपात पडण्याचे आवाज येत होते. निम्म्या ताटांत जिलेबी तशीच होती. टेबलावर पसरलेला कागद दोन माणसं दुसऱ्या टोकापासून गुंडाळत येत होती. बाई जेवत होत्या. त्यांच्या कपाळावर घाम आलेला. आजूबाजूचे त्यांच्याकडे बघायला लागले, एक दोघी कुजबुजल्या. तात्या लांबून बघत उभे होते. ते आता हसत नव्हते.

मी उठून जावं का, त्यांच्याजवळ बसावं का, माझं ठरत नव्हतं. तेवढ्यात प्राची आली. भरजरी शालू, हातभर चुडा, नाकात नथ. घरची थोरली सून म्हणून दिवसभर तिच्यामागे सगळी लगबग. ती खुर्ची ओढून आईच्या शेजारी बसली. बांगड्या कोपराकडे सारल्या आणि आईच्या ताटातला भात कालवून तिने घास घेतला.

"अगं, सगळे बघतायत," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"बघू दे," प्राची म्हणाली.

तात्या पुढे आले. "प्राची, तुला वेगळं ताट आणायला सांगतो," ते म्हणाले.

"नको तात्या," ती मान वर न करता म्हणाली. "यात आहे अजून."

बाईंनी एक पुरी मोडली आणि अर्धी तिच्या बाजूला सरकवली. दोघी खाली मान घालून जेवत राहिल्या. कागद गुंडाळत आलेली माणसं त्यांच्यापाशी येऊन थांबली, आणि त्या दोघींचं संपायची वाट बघत तो गुंडाळा हातात धरून उभी राहिली.